बंद केलात ना?

वाचकहो, विमानातल्या एका नियमाविषयी लेख लिहायला मी बसलो होतो. चार पाने लिहून झाल्यावर ध्यानात आले की, नियमाविषयी पुष्कळ लिहिले. पण मी स्वतः काय केले, ते मात्र सोयीस्करपणे गाळले. म्हणून ती पाने बाजूला ठेवली. आता आधी घडले ते सांगतो, मग विचाराकडे वळू.

डिसेंबर २०१९. हनुक्काचे दिवस. आमची थोरली बहीण, जिला घरातले सारे लहानथोर ‘बाय’ म्हणत, ती ठाण्याच्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात होती. दुपारी भाचीचा फोन आला, “मामा, यायचं असेल तर आता थांबू नका.” तिच्या मुलाच्या लग्नासाठी म्हणून आमचे व्हिसे आधीच काढून ठेवलेले होते. मिळेल त्या विमानाची दोन तिकिटे घेतली. एक माझे आणि एक माझ्या अकरा वर्षांच्या नातवाचे, कारण शाळेला सुट्टी होती आणि म्हाताऱ्याला एकटे धाडायला सुनेचे मन घेईना. अकरा वर्षांचा सोबती म्हणजे कोणाला कोणाची सोबत, हा प्रश्नच आहे; पण तो आला.

विमान धावपट्टीकडे सरकू लागले. सीटचे पट्टे, मिटलेले ट्रे, पायाशी ठेवलेल्या पिशव्या बघत एक तरुण हवाईसुंदरी आमच्या रांगेपाशी आली. माझ्या मांडीवर शाल होती, शालीखाली मूठ, मुठीत फोन. तो चालू होता. भाचीने सांगितले होते की डॉक्टर संध्याकाळी काही सांगणार आहेत. मुलगी वाकून म्हणाली, “फोन बंद केलात ना? की फ्लाइट मोडवर आहे?”

मी म्हटले, “हो.”

इतका स्वच्छ ‘हो’ मी लग्नातसुद्धा म्हटला नसेन. ती हसली आणि पुढे गेली. नातवाने माझ्याकडे पाहिले, मग शालीकडे पाहिले. मी त्याच्या कानाशी लागून म्हटले, “एका फोनने काय होतंय?”

निरोप काही आला नाही. विमान उडाले, थोड्या वेळाने फोनची दांडी गेली, आणि मी रात्रभर ती काळी काच मुठीत धरून बसलो. पहाटे मुंबईवर उतरताना, चाके टेकण्याआधी, शालीखाली ‘टिंग’ वाजले. माझ्या छातीत धस्स झाले. थरथरत्या हाताने पाहिले, तर फोन कंपनीने भारतात माझे स्वागत केले होते आणि मिनिटाला किती पैसे पडतील ते कळवले होते.

बाय भेटली. पुढे अकरा दिवस तिने आम्हाला दिले, आणि त्यातले तीन-चार तर चांगल्या शुद्धीत. त्या दिवसांविषयी इथे लिहीत नाही. विमान पडले नाही, कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, आणि त्या मुलीला आजतागायत काही कळलेले नाही. मग माझे चुकले काय? हा प्रश्न इतकी वर्षे माझ्या डोक्यात घर करून आहे. आपल्या मंडळींपैकी ज्यांचे अर्धे घर विमानाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि असे घर कोणाचे नाही, त्यांच्यापुढे तो ठेवावा असे वाटले.

पहिली गोष्ट म्हणजे, हा नियम आला कुठून? मला वाटायचे की मोबाइल आले तेव्हा तो आला. तसे नाही. अमेरिकेच्या विमान खात्याने प्रवाशांच्या यंत्रांवर पहिला निर्बंध घातला तो १९६१ साली, आणि आरोपी होता खिशातला एफ. एम. रेडिओ. रेडिओ फक्त ऐकतो असे आपण समजतो. पण स्टेशन पकडण्यासाठी त्याच्या पोटात एक बारीकशी लहर तयार करावी लागते, आणि ती बहुधा स्टेशनच्या आकड्यापेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने वरची असते. म्हणजे एखाद्या प्रवाशाने ९८ किंवा १०० वर गाणी लावली, की त्याच्या रेडिओतून १०८ किंवा ११० च्या आसपास एक कुजबुज बाहेर पडणार. आणि १०८ ते ११८ हा पट्टा नेमका व्ही. ओ. आर. केंद्रांचा, म्हणजे जमिनीवरून वैमानिकाला दिशा सांगणाऱ्या केंद्रांचा. गाणी ऐकणाऱ्याला याची काय कल्पना? तो बिचारा निर्दोष मनाने मान डोलावत बसलेला असणार.

त्या अमेरिकन नियमात काही अपवादही लिहून ठेवले आहेत, ते मला फार आवडतात. बहिऱ्याचे कानातले यंत्र चालेल, हृदयाचा पेसमेकर चालेल, आवाज टिपून घेणारे यंत्र चालेल, आणि विजेवर चालणारा दाढीचा रेझरही चालेल. पेसमेकर मी समजू शकतो. पण आकाशात दाढी करण्याचा हक्क कायद्याने राखून ठेवावा, यावरून त्या काळच्या साहेब लोकांच्या गरजा काय होत्या ते कळते!

मोबाइलची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकेत १९९१ साली उडत्या विमानातून मोबाइल वापरण्यावर बंदी आली, ती विमान खात्याने घातली नव्हती. ती दळणवळण आयोगाची होती, आणि काळजी होती जमिनीवरच्या मनोऱ्यांची. जमिनीवरचा फोन जवळच्या दोन-चार मनोऱ्यांना दिसतो. आकाशातला फोन एकाच वेळी कितीतरी मनोऱ्यांना दिसतो आणि त्यांची घडी विसकटतो. प्रवाशांना मात्र वर्षानुवर्षे एवढेच सांगितले गेले की विमानाच्या यंत्रात बिघाड होईल. ते अगदी खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते. अर्धे कारण सांगितले की ऐकणारा कधीतरी ते तपासून बघतो, त्याला पोकळी सापडते, आणि मग तो उरलेले अर्धेही टाकून देतो.

पुढे काय झाले ते पुष्कळांना ठाऊक आहे. लोक विचारू लागले की पुस्तक वाचायचे यंत्र उड्डाणाच्या वेळी बंद कशाला? २०१३ साली अमेरिकेने समिती नेमली, तिने अहवाल दिला, आणि ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी जाहीर झाले की विमान कंपनीने आपली विमाने तपासून घेतली असतील, तर लहान यंत्रे उड्डाणापासून उतरेपर्यंत वापरता येतील. फोन मात्र फ्लाइट मोडवर, ज्याला आमची इथली मुले ‘मत्साव तिसा’ म्हणतात. त्याच वर्षी युरोपने आणि २०१४ मध्ये भारताने तीच वाट धरली. मोठा लॅपटॉप उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी बाजूला ठेवायचा, हे मात्र राहिले. त्याच्याकडे पुढे येतो.

तेव्हा पुष्कळजण म्हणाले, “बघा, इतकी वर्षे उगाच बंद करायला लावत होते.” मीही म्हणालो असेन. पण लगेच पुढच्या वर्षी, २०१४ च्या ऑक्टोबरात, त्याच खात्याने बोईंग ७३७ आणि ७७७ जातीच्या काही विमानांतले कॉकपिटचे पडदे बदलण्याचा हुकूम काढला. कारण चाचण्यांत असे दिसले होते की वाय-फायच्या लहरींनी ते पडदे काही क्षण कोरे पडू शकतात. आणि जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत फाइव्ह-जी सुरू होताना विमानाची उंची मोजणाऱ्या रेडिओ यंत्राला त्रास होईल, या धास्तीने एअर इंडिया आणि एमिरेट्सने तिकडची काही उड्डाणे थांबवली होती. म्हणजे भीती निव्वळ बागुलबुवा नव्हती आणि निव्वळ सत्यही नव्हती. बहुतेक वेळा काही होत नाही. कधी, कुठल्या विमानात, कुठल्या यंत्राने काही होईल, ते मोजणाऱ्यांनाही मोजूनच कळते.

आता माझ्याकडे वळतो.

आपल्या मिद्राशात नावेतल्या माणसाची गोष्ट आहे, ती सर्वांनी ऐकलेली आहे. एकजण नावेत आपल्याच जागेखाली भोक पाडू लागतो. लोक ओरडतात तेव्हा म्हणतो, तुमचे काय जाते, मी माझ्या जागेखाली पाडतो आहे. हज्जान साहेबांनी ती सांगितली की आपण माना हलवतो. पण विमानातल्या फोनला ती जशीच्या तशी लावली, तर माझ्यातला वकील लगेच उभा राहतो आणि म्हणतो, भोक पाडले की पाणी येतेच. फोन चालू राहिला की विमान पडते असे थोडेच आहे? रोज जगात कितीतरी फोन चुकून पिशवीत चालू राहतात, आणि विमाने सुखरूप उतरतात. वकिलाचे म्हणणे मला खोडता येत नाही.

पण त्या गोष्टीतली एक बाब बरीच वर्षे माझ्या नजरेतून सुटली होती. तो नावेतला माणूस भोक पाडत होता, ते सर्वांच्या देखत. लोकांना दिसत होते, म्हणून ते ओरडू शकले. तो मूर्ख होता, पण उघडा मूर्ख होता. मी शालीखाली होतो.

त्या मुलीने मला विचारले ते का? विमानाच्या त्या भागाची जबाबदारी तिच्यावर होती. काय चालू आहे, काय बंद आहे, कोण आजारी आहे, कोण घाबरले आहे, हे तिला ठाऊक असावे अशी योजना आहे. माझ्या ‘हो’ने तिची जबाबदारी कमी झाली नाही, फक्त तिची माहिती खोटी झाली. निर्णय तिचा होता. तो मी तिच्या नकळत माझ्याकडे घेतला, आणि काही बरेवाईट झाले असते तर त्याचा भार तिच्याच माथी राहिला असता. फोनच्या लहरी किती क्षीण होत्या याचा हिशेब इथे कामाला येत नाही.

कोणी म्हणेल, बहीण मरणाच्या दारात होती, एवढे माफ आहे. हे म्हणणे सर्वांत जड आहे आणि त्याच्यापुढे मी अजूनही अडखळतो. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची मुभा आपल्याला आहे. पण शांतपणे विचार केला तर, मी कोणाचा जीव वाचवत होतो? निरोप आला असता तर मी काय करणार होतो? पट्ट्याने बांधलेला, समुद्रावर निघालेला माणूस! बरी बातमी असती तर बरी, वाईट असती तर त्या अंधारात, शेजारी लहान मूल घेऊन, ती छातीवर घेऊन बसलो असतो. खरे सांगायचे तर मला बातमी नकोच होती. फोन मुठीत असला म्हणजे बायचा हात धरल्यासारखे वाटत होते, एवढेच. ती गरज खोटी नव्हती. पण ती मी त्या मुलीला सांगू शकलो असतो. “बाई, माझी बहीण अत्यवस्थ आहे, शेवटच्या मिनिटापर्यंत चालू ठेवू का?” ती कदाचित ‘नाही’ म्हणाली असती. कदाचित खाली बसून माझ्या खांद्यावर हात ठेवला असता. खोटे बोलून मी तिचा ‘नाही’ टाळला आणि तो हातही टाळला.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते, आधी जी. आय. पी. आणि मग मध्य रेल्वे. आपल्या समाजाची किती माणसे रेल्वेत आणि पोस्टात होती, ते जुन्या लोकांना सांगायला नको. घाटात गाडी अवचित थांबली की शेवटच्या डब्यातल्या गार्डाने लाल दिवा घेऊन रुळावरून मागे चालत जायचे आणि रुळावर फटाके बसवायचे, असा नियम. हे फटाके दिवाळीचे नव्हेत, पत्र्याच्या चपट्या डब्या असतात. मागून चुकून गाडी आलीच तर चाकाखाली त्या फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो. एका आषाढात वडील पहाटे घरी आले ते कपड्यांसकट पिळून काढण्यासारखे. कसारा घाटात गाडी अडकली होती. आईने विचारले, “मागून गाडी येणार नाही हे ठाऊक होतं ना तुम्हाला? तुम्हीच म्हणता, पुढची निघाल्याशिवाय मागची सोडत नाहीत.” वडील म्हणाले, “सोडत नाहीत.” “मग? तुम्ही गेलात की नाही ते बघायला त्या पावसात होतं कोण?” वडील बनियन पिळत होते. म्हणाले, “कोणीच नव्हतं. म्हणून तर जावं लागलं.”

लहानपणी मला हे उत्तर उलटे वाटले होते. कोणी बघत नसेल तर जायचे कशाला? आता वाटते, त्या सगळ्या व्यवस्थेची मेख तिथेच होती. घाटातल्या अंधारात प्रत्येक गार्डामागे एक इन्स्पेक्टर उभा करता येत नाही. विमानातही तीनशे माणसांच्या तीनशे शाली उचलून बघता येत नाहीत. विचारायचे आणि उत्तरावर विश्वास ठेवायचा, एवढेच करता येते.

आणि तो विश्वास कधी कामाला येतो ते आपण २ जानेवारी २०२४ रोजी पाहिले. टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळले. त्या लहान विमानातल्या सहापैकी पाचजण दगावले. मोठ्या विमानाने पेट घेतला. आत ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. ध्वनिक्षेपक बंद पडलेला, आत धूर भरत चाललेला, कर्मचारी कर्ण्यातून आणि घसा फोडून सूचना देत होते. अठरा मिनिटांत सर्वच्या सर्व ३७९ माणसे बाहेर आली. मागे राहिले ते सामान. किती लॅपटॉप, किती फोटो, किती महत्त्वाची कागदपत्रे त्यात जळाली असतील! पण सामान तसेच टाकून बाहेर पडा म्हटल्यावर लोक बाहेर पडले, “का?” असे विचारत कोणी वाट अडवून बसला नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी लॅपटॉप मिटून ठेवायला सांगतात, त्यात लहरींपेक्षा याचाच भाग मोठा आहे. धक्का बसला की मांडीवरचा दोन किलोचा लॅपटॉप शेजाऱ्याच्या कपाळावर जातो, आणि वायर पायात अडकली की मागची रांग खोळंबते. मोठी प्रवासी विमाने मंजूर करताना अशी अट असते की निम्मी दारे बंद धरूनही भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे झाले पाहिजे. त्या ९० सेकंदांत कोणाच्या वायरीची सोय केलेली नाही.

पण वाचकहो, सगळे देणे प्रवाशाचेच आहे असे मी म्हणणार नाही. नियम करणाऱ्यांचेही देणे असते, आणि ते पुष्कळदा बुडवले जाते. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, अबूधाबी, दोहा, कुवेत वगैरे दहा विमानतळांवरून येणाऱ्यांना फोनपेक्षा मोठे कुठलेही यंत्र केबिनमध्ये नेऊ दिले नाही. सारे खालच्या सामानात टाका म्हणाले. आखातात कामाला असलेल्या मंडळींना हा जाच आठवत असेल. कारण सांगितले बॉम्बच्या भीतीचे. ती भीती खरी असेल. पण तेच जग दुसऱ्या तोंडाने सांगत होते की लिथियमची बॅटरी डोळ्यांसमोर ठेवा, खालच्या सामानात ती पेटली तर कोणाला कळायचे नाही. दोन नियम एकमेकांच्या उरावर बसले, आणि जुलैपर्यंत ती बंदी उठली. अशा वेळी साधा माणूस काय शिकतो? की नियम म्हणजे साहेबाच्या मनाची लहर. मग तो ज्यात तथ्य आहे तो नियमही त्याच मापाने मोजतो.

आपल्या शास्त्रात आज्ञांचे दोन प्रकार सांगतात. काहींची कारणे बुद्धीला पटतात, त्या ‘मिश्पातीम’. काहींची कळत नाहीत आणि तरी पाळायच्या असतात, त्या ‘हुक्कीम’. तांबड्या कालवडीच्या विधीचे कारण कोणी विचारू नये. पण विमान खाते म्हणजे काही सिनाय पर्वत नव्हे. त्याने आपल्या आज्ञेचे कारण सांगितलेच पाहिजे, आणि बदलले तर बदलले असे कबूल केले पाहिजे. २०१३ साली तसे घडले, आणि तेही लोकांनी उघडपणे विचारले म्हणून, शालीखाली फोन ठेवला म्हणून नव्हे. शालीखालचे फोन हजारोंनी होते. त्यांनी एकही नियम बदलला नाही.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट, जिच्यामुळे हे सारे लिहायला घेतले.

तो अकरा वर्षांचा नातू आता लष्कराच्या वयाचा झाला आहे. भरती होण्याआधी ठाण्याला आतेभावंडांकडे महिनाभर जायचे ठरले. जमिनीवर दोन बॅगा उघड्या पडलेल्या, एक मोठी आणि एक हातातली. हातातली भरून ओसंडत होती. सात किलोच्या वर चालणार नाही म्हणून तो एकेक वस्तू काढून मोठीत टाकत होता. त्यात त्याने विटेएवढी जड पॉवर बँक उचलली आणि कपड्यांच्या घडीत खुपसली.

मी म्हटले, “ती खाली नाही चालत. हातात ठेव.”

तो हसला. “सबा, एकाने काय होतंय?”

मराठी त्याला मोडकीतोडकीच येते. पण हे वाक्य त्याने अगदी माझ्या सुरात म्हटले. कुठून उचलले ते मला ताबडतोब कळले, त्याला कळले की नाही ते त्या क्षणी कळले नाही. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपली आजी म्हणायची.

कारण इथे हिशेबच पालटतो. फोनच्या लहरींच्या बाबतीत ‘एकाने काय होते’ हे बहुतेक खरे होते. बॅटरीच्या बाबतीत एकच पुरे असते. २८ जानेवारी २०२५ रोजी कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचे विमान हाँगकाँगला निघायच्या बेतात असताना मागच्या बाजूच्या वरच्या कप्प्यात आग लागली. विमान जमिनीवरच होते, म्हणून १७६ माणसे घसरगुंड्यांवरून बाहेर पडू शकली. विमानाचे छत जळून गेले. तपासात बोट गेले ते एका पॉवर बँकेकडे. त्यानंतर कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली, आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केली. लिथियमच्या बॅटरीत आत कुठे बिघाड झाला की ती स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते, आणि एक घर पेटले की शेजारचे घर पेटवते. केबिनमध्ये ती माणसांना दिसते, धूर येतो, कर्मचारी पाणी ओतून ती थंड करतात. खालच्या सामानाच्या कोठीत वायू सोडून ज्वाळा दाबण्याची सोय असते, पण बॅटरीच्या पोटातली उष्णता त्याने निवत नाही. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करू नका, आम्हाला बोलवा, असे सांगतात तेही याचसाठी. सीटच्या यंत्रात फोन चिरडला की बॅटरी पेटते.

हे सारे मी त्याला सांगितले. पोरगा हुशार, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. लगेच हिशेब करून म्हणाला, वीस हजारची आहे, म्हणजे ७४ वॉट-अवर, शंभरच्या आत, नियमात बसते. मी म्हटले, बसते, पण हातातल्या बॅगेच्या नियमात. तो म्हणाला, चांगल्या कंपनीची आहे. मी म्हटले, असेल. विमानतळावर तुला विचारतील, मोठ्या बॅगेत पॉवर बँक आहे का, तेव्हा काय सांगशील? तो गप्प बसला.

आणि मग, कसा कोण जाणे, मी त्याला ते सांगून टाकले. ती रात्र, ती मुलगी, माझा ‘हो’. म्हटले, “तेव्हा मी तुला एक वाक्य शिकवलं. ते परत घेतो.”

तो बॅगेतले कपडे चाचपत होता. वर न बघता म्हणाला, “मला माहीत होतं, सबा. उतरताना टिंग वाजलं होतं. तुम्ही रडत होता म्हणून मी विचारलं नाही.”

मी रडत होतो हे मला आठवत नाही.

त्याने कपड्यांच्या घडीतून पॉवर बँक काढली आणि हातातल्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवली. वजन पुन्हा सातच्या वर गेले. मग भाचीसाठी घेतलेला खजुराचा डबा मोठ्या बॅगेत गेला, आणि झाकण उघडू नये म्हणून त्याला मी सुतळी बांधून दिली.